रीफ कोण मारतंय? तोंडात नळी धरून पोहणारा?

सुट्ट्या लागल्या की केर्न्सच्या बोटीवरचे फोटो दिसायला लागतात. मुलाकडे सिडनीला गेलेले आई-बाबा, नवीन लग्न झालेली जोडपी, डोळ्यांवर मास्क, मागे निळंशार पाणी. आणि खाली लगेच उपदेश: 'तुमच्यासारख्यांमुळेच ग्रेट बॅरियर रीफ मरतेय.'

साफ चूक. आणि फार सोयीची चूक.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. समुद्र नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापला आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहिला की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४. ही यादी काय स्नॉर्केलिंगवाल्यांनी केली? २०१६ ला सगळ्यात मोठा फटका बसला तो उत्तरेच्या दुर्गम भागाला, जिथे पर्यटकांची बोट क्वचितच जाते!

प्रवाळावर उभे राहणारे महाभाग असतात, मान्य. त्यांना दम द्यायलाच हवा. विमानाचा धूरही आहेच. पण दुबईला शॉपिंगला जाणाऱ्याला कुणी हा हिशोब विचारत नाही.

खरा हिशोब कुठे आहे? त्याच क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, ॲबट पॉइंट बंदरात. तिथून कोळशाची जहाजं रीफच्या पट्ट्यातूनच बाहेर पडतात. अदानींच्या कारमायकल खाणीचा कोळसाही तिथूनच निघतो. ऑस्ट्रेलियाचा कोळसा आपल्याकडेही जळतो. पण त्यावर बोललं की आपण 'विकासविरोधी'. मग काय, झोडपा पर्यटकाला!

आता जरा इतिहास. १९६७ साली एलिसन रीफवर चुनखडी काढायचा परवाना मागितला गेला. कारण काय, तर ही रीफ मेलेलीच आहे म्हणे. तेव्हा विद्यार्थी आणि स्वयंसेवक डायव्हर खाली उतरले, तिथले जीव मोजले आणि दाखवून दिलं की ती जिवंत आहे. अर्ज फेटाळला गेला. कवयित्री ज्युडिथ राइट आणि सोबत्यांनी लढा चालू ठेवला, आणि १९७५ ला मरीन पार्कचा कायदा झाला.

म्हणजे रीफ वाचली ती कुणीतरी डोकं पाण्याखाली घालून बघितलं म्हणून. घरी बसून नाही.

तेव्हा जायची ऐपत असेल तर खुशाल जा. अंगभर सूट घाला, कशालाही हात लावू नका, पाय टेकू नका. पण परत आल्यावर नुसते कासवाचे फोटो टाकू नका. पांढरं पडलेलं प्रवाळ दिसलं असेल तर तेही टाका.

साक्षीदारालाच आरोपी केलं की खरा आरोपी निवांत झोपतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर वाद घाला, पण मुद्द्यावर.