अक्षय खतावणी आणि बिनमापी वीज

वीजव्यवहारात ब्लॉकचेन आणली की गळती, चोरी आणि अविश्वास ही तिन्ही लयास जातील, कारण प्रत्येक नोंद एकाच वेळी अनेकांच्या दप्तरी उतरते आणि मागाहून तीत कोणासही खाडाखोड करता येत नाही, असा जो पक्ष हल्ली हिरीरीने मांडला जातो, त्याची परीक्षा कुंभकोणमच्या शिवारात करावी. कावेरीकाठच्या त्या सुपीक प्रदेशात कुरुवै भाताच्या हंगामात बांधावरच्या मोटारपंपाची पेटी उघडली, तर आत स्टार्टर दिसेल, फ्यूज दिसतील. मीटर बहुधा दिसणार नाही, कारण तामिळनाडूत 1990च्या सुमारास शेतीची वीज सरसकट मोफत झाली आणि मोजणीची निकड कोणास उरली नाही. न मोजलेल्या विजेचा आकडा अंदाजानेच दप्तरी चढतो. आणि अक्षय खतावणीत चढविल्याने अंदाज खरा ठरत नाही, त्याची चूक मात्र कायम होते. तंजावरच्या मराठा दरबाराचे मोडी कागद आजवर टिकले आहेत. पण धान्याची जमा त्यांत कितीही निगुतीने मांडलेली असो, मापाऱ्याच्या सचोटीची ग्वाही कागद देऊ शकत नाही.

यावरून हे तंत्रच टाकाऊ ठरते, हा उलट पक्षही आम्हांस मान्य नाही. ते स्वतःच अवाढव्य वीज खाते, हा आक्षेप बिटकॉइनपुरता खरा आहे. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर 2022मध्ये नोंदी प्रमाणित करण्याची रीत बदलली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. वीज कंपनीची एकच वही पुरे, हा दुसरा आक्षेप विक्रेता एकच होता तोवर सयुक्तिक होता. परंतु एखाद्या गच्चीवरील सौरपट्ट्यांची दुपारची शिल्लक वीज कुंभकोणमजवळच्या नाचियारकोइलच्या समया घडविणाऱ्या कारागिराच्या लेथला पुरविता येऊ लागली, की विकणारा, घेणारा आणि तारांची मालक कंपनी असे तीन पक्षकार उद्भवतात, आणि त्यांतल्या एकाच्याच कबज्यात सारा हिशेब असणे न्याय्य नव्हे. लखनौत 2020-21च्या सुमारास पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या साहाय्याने अशाच परस्पर विक्रीचा प्रयोग झाला; तेथे विजेचे मोजमाप होते, म्हणूनच सामाईक वहीस अर्थ होता.

तेव्हा आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. शेतकऱ्याची सवलत अबाधित ठेवून प्रथम प्रत्येक पंपास मीटर बसवावा, त्याची तपासणी कंपनीबाहेरील तटस्थ यंत्रणेकडे सोपवावी, आणि मगच ती नोंद सर्व पक्षकारांच्या सामाईक वहीत उतरवावी. वीज मोफत देणे हा लोकनियुक्त सरकारचा अधिकार आहे. किती दिली हे ठाऊक नसण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारास नाही.