सूर्यास्त, दरी आणि चारचाकी घोडा

सुटी संपून शाळा उघडली म्हणजे वर्गावर्गांतून प्रवासवर्णनांस ऊत येतो. कोणी गड चढून आलेला असतो, कोणी आजोळच्या विहिरींत पोहून आलेला असतो; आणि काळ पालटल्यामुळें अलीकडे कोणी समुद्रापलीकडचे देशही पाहून आलेला असतो. यंदां अशाच एका विद्यार्थ्यानें तुर्कस्तानांतील कापादोकिया प्रांतांत चारचाकी मोटारसायकलीवर बसून, वाटाड्याच्या मागोमाग, सूर्यास्ताच्या वेळीं दऱ्याखोऱ्यांतून कसा फेरफटका मारला, याचें मोठें रसभरित वर्णन केलें. त्याच्या भोंवतीं मुलांचें कोंडाळें जमलें होतें. मीं त्यास सहज विचारलें, "बाळ, तूं पाहिलेल्या दरीचें नांव काय?" तो गोंधळला. गाडीचा रंग, तिचा वेग, वळणावर ती कशी उसळली, हें सर्व त्याच्या ध्यानांत होतें. दरीचें नांव मात्र नव्हतें.

मीं त्यास दोष दिला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं तीच सफर करण्याचा योग मलाही आला होता, आणि माझ्यासोबत माझी वडील बहीण नसती तर माझीही स्थिति त्याच्याहून निराळी झाली नसती. अशी सफर करावी कीं न करावी, आणि करावयाची तर कोणत्या रीतीनें करावी, याविषयीं माझें जें मत बनलें तें विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या स्थळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कापादोकिया हा प्रदेश तुर्कस्तानच्या मध्यभागीं, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर पसरला आहे. पवित्र शास्त्राच्या मराठी वाचकांस तो 'कप्पदुकिया' या नांवानें परिचित आहे. प्रेषितांच्या कृत्यांत व पेत्राच्या पहिल्या पत्रांत त्याचा उल्लेख येतो. लाखों वर्षांपूर्वीं तेथील ज्वालामुखींनीं ओकलेली राख थरावर थर सांचून तिचा एक मऊ खडक बनला. भूगर्भशास्त्रांत त्यास टफ म्हणतात. ३,९१७ मीटर उंचीचा एर्जियेस पर्वत हा त्या ज्वालामुखींपैकींच एक होय. पुढें ऊन, पाऊस व हिम यांनीं तो खडक कोरून काढिला. आणि जेथें वर कठीण दगडाची टोपी शिल्लक राहिली, तेथें तिच्या आश्रयानें खालच्या मऊ खडकाचे उंच सुळके उभे राहिले. तुर्की लोक त्यांस 'पऱ्यांचीं धुरांडीं' म्हणतात.

या मऊपणाचा लाभ माणसानेंही घेतला. त्यानें खडकांत घरें कोरलीं, तबेले कोरले, पारव्यांसाठीं खुराडीं कोरलीं व त्यांची विष्ठा द्राक्षांच्या मळ्यांस खत म्हणून घातली. देरिनकुयू येथें तर जमिनीखालीं मजल्यावर मजले खोदून संकटकाळीं आश्रय घेण्यासाठीं एक गांवच वसविलें. चौथ्या शतकांत बेसिल हा थोर धर्माचार्य याच प्रांतांतील कैसरियाचा, म्हणजे आजच्या कायसेरीचा, बिशप होता. गोरेमे गांवाजवळच्या कोरीव देवळांतील अनेक भित्तिचित्रें दहाव्या-अकराव्या शतकांतलीं आहेत. त्यांतील एका देवळांत प्रकाश फारच थोडा शिरतो, म्हणून तेथील रंग इतकीं शतकें टवटवीत राहिले. सन १९८५ मध्यें युनेस्कोनें हा प्रदेश जागतिक वारशांत समाविष्ट केला.

अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या मराठी वाचकाच्या मनांत येथें सहजच तुलना उभी राहते. आपलीं लेणीं कठीण काळ्या पाषाणांत कोरलेलीं आहेत; तेथील खडक त्या मानानें फारच मऊ. जें लवकर कोरलें जातें तें लवकर ढासळतेंही. जेल्वे नांवाचें तेथील एक कोरीव गांव दरडी कोसळण्याच्या भयानें १९५२ सालीं रिकामें करावें लागलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

आतां वाहनाकडे वळूं. क्वाड बाईक ही मोटारसायकलीप्रमाणें खोगिरावर बसून, हातांत दांडा धरून हाकावयाची गाडी. मात्र तिला जाड, फुगीर अशीं चार चाकें असतात. या जातीच्या गाड्यांचा आरंभ तीन चाकांनीं झाला. जपानच्या होंडा कंपनीनें १९७० सालीं तशी गाडी विक्रीस आणली. चार चाकांची गाडी १९८२ मध्यें सुझुकी कंपनीनें काढली. तीनचाकी गाड्या फार उलटत, म्हणून १९८८ मध्यें अमेरिकेंत त्यांची नवी विक्री बंद करण्याचें कारखानदारांस मान्य करावें लागलें. चारचाकीही सर्वस्वी निर्धोक नाहीं. तिचा गुरुत्वमध्य उंच असतो. शिवाय पुष्कळ गाड्यांचीं मागील दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर जखडलेलीं असतात. वळतांना बाहेरच्या चाकानें अधिक अंतर कापावयास हवें, परंतु दोन्ही चाकें सारखींच फिरतात; म्हणून गाडी वळणास विरोध करते व हाकणाऱ्यास आपला भार योग्य बाजूस झुकवावा लागतो. ऑस्ट्रेलियांत तर २०२१ पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाड बाईकला, ती उलटल्यास वरील मनुष्य चिरडूं नये म्हणून, संरक्षक कमान असणें कायद्यानें आवश्यक झालें आहे. खेळणें म्हणून जिच्याकडे आपण पाहतों, ती दोनतीनशें किलो वजनाची यंत्रगाडी आहे, हें विसरतां कामा नये.

अशा गाडीवर बसण्याची माझी मुळींच इच्छा नव्हती. दऱ्या पायीं पाहाव्या असा माझा आग्रह होता. परंतु आक्काचे गुडघे पुष्कळ वर्षांपासून निकामी झालेले. तिनें तीस वर्षें मुलींच्या शाळेंत भूगोल शिकविला होता. ती मला म्हणाली, "अरे, तीस वर्षें नकाशावर बोट ठेवून मुलींना हा प्रांत दाखविला, आणि आतां पाय चालत नाहींत म्हणून वेशीवरूनच परत जाऊं होय?" यावर मजजवळ उत्तर नव्हतें. दोघांसाठींच बांधलेली एक गाडी आम्हीं ठरविली. मोकळ्या जागेंत फेऱ्या घालून माझी परीक्षा झाली, डोक्यावर शिरस्त्राणें चढलीं, नाकातोंडाला फडकीं बांधलीं, आणि आठ-दहा गाड्यांची रांग निघाली. पुढें एक वाटाड्या, मागें दुसरा. हात वर झाला कीं थांबावयाचें, रांग मोडावयाची नाहीं, पुढच्यास ओलांडावयाचें नाहीं, असे नियम त्यांनीं आरंभींच बजावले होते.

आमच्या रांगेंत एक सतरा-अठरा वर्षांचा तरुण होता. त्यास ही शिस्त जाचूं लागली. एका वळणावर पुढचा वाटाड्या दृष्टीआड होतांच त्यानें गाडी रांगेबाहेर काढून शेजारच्या पांढऱ्या उतारावर घातली. निम्म्या उतारावर वरचें चाक उचललें गेलें आणि गाडी कलंडली. दैव बलवत्तर, म्हणून तो बाजूस फेंकला गेला; गाडी त्याच्या अंगावर आली नाहीं. मनगट मुरगळलें, एवढ्यावरच निभावलें. मागच्या वाटाड्यानें धांवत जाऊन त्यास उठविलें, पाणी पाजलें, हात बांधला. नंतर त्यानें जें केलें तें मी विसरणार नाहीं. तो त्या उतारावर चढला. चाकांनीं खडकांत वीतभर खोल चरी पाडली होती. त्यानें ती पायानें बुजविली आणि पावसाचें पाणी तींतून धांवूं नये म्हणून तिच्यावर आडवे दगड रचले. आम्हांस उशीर होत होता. सूर्य आमच्यासाठीं थांबणार नव्हता. तरीही तो घाईनें उठला नाहीं. आक्का हळूच म्हणाली, "त्या पोराचा हात महिन्याभरांत बरा होईल रे. हिचें काय?"

माझ्या मतानें साऱ्या प्रश्नाचें मर्म तिच्या या उद्गारांत आहे. पाऊलवाट व चाकोरी यांत मोठा भेद आहे. चाकाची चरी सलग असते. पहिल्या पावसांत तिचा ओहोळ होतो, कांहीं वर्षांत ओहोळाची घळ होते, आणि घळ रुंदावत सुळक्याच्या पायथ्याशीं येऊन पोंचते. निसर्गही तेथें रोज झीज करीत असतो, हें खरें. परंतु म्हणून आपण त्याच्या हातांत पहार द्यावी असें होत नाहीं.

कोणी म्हणतील, तर मग हीं वाहनें सर्वस्वी बंदच करावीं. हें मत मला मान्य नाहीं. तसें झालें तर आक्कासारख्यांनीं काय करावें? सृष्टीचें सौंदर्य धडधाकट पायांच्याच मालकीचें आहे काय? शिवाय त्या गांवांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ प्रवाशांवर चालतो. उलट कोणी म्हणतील, पैसे मोजले आहेत, मग वाटेल तिकडे फिरण्यास आडकाठी कां? त्यांस माझें उत्तर असें कीं, पैसे आपण गाडीच्या भाड्याचे मोजले. दरीचें मोल कोणी घेतलेलें नाहीं व तें कोणी देऊंही शकणार नाहीं.

माझा मार्ग या दोहोंमधला आहे. वाहन देवळाच्या दारापर्यंत न्यावें; गाभाऱ्यांत नेऊं नये. नेमून दिलेल्या रस्त्यानें, वाटाड्याच्या मागून, धुरळा कमी उडेल अशा बेतानें जावें. आणि दरीच्या कांठावर पोंचल्यावर उतरून, ज्यास जितकें चालवेल तितकें त्यानें पायीं चालावें. वाटाड्याची आज्ञा पाळण्यांत कमीपणा नाहीं. आपण तासाभराचे पाहुणे. त्याचें सारें आयुष्य त्या मातींत गेलेलें असतें.

आम्हीं तसेंच केलें. तांबड्या दरीच्या कांठीं रांग थांबली. सूर्य क्षितिजापासून दोन हात वर होता. मी गाडी तशीच चालू ठेवून खिशांतून छायाचित्राचें यंत्र काढूं लागलों, तों आक्का म्हणाली, "तें इंजिन बंद कर बरें आधीं." एकेक करून सर्व गाड्या शांत झाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती वीसेक पावलें चालली आणि एका दगडावर बसली. येथील टफमध्यें लोहाचा अंश आहे, म्हणून त्याच्या थरांस गुलाबी व तांबूस छटा आहे. सूर्य खालीं आला म्हणजे त्याचे किरण हवेच्या अधिक लांब पट्ट्यांतून येतात. निळा प्रकाश वाटेंतच विखुरतो, तांबडा तेवढा पोंचतो, आणि तांबड्यावर तांबडा पडून सारी दरी पेटल्यासारखी दिसते. हें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. आक्का एकेका थराकडे बोट दाखवून तें मला पुन्हां शिकवूं लागली. मीही निमूटपणें शिकलों. पारव्यांचा एक थवा खालून आला आणि कोरीव खिडक्यांत शिरला. इंजिनें चालू असतीं तर त्यांच्या पंखांचा आवाज आम्हांस ऐकूं आला नसता.

कापादोकिया या नांवाचा अर्थ 'सुंदर घोड्यांचा देश' असा तेथें सर्रास सांगतात. विद्वानांस तो मान्य नाहीं. अर्थ कांहींही असो, घोडा आणि ही गाडी यांत एक फरक निश्चित आहे. कडा दिसला कीं घोडा स्वतः होऊन थांबतो. यंत्रास तेवढी समज नाहीं. ती स्वारानेंच बरोबर न्यावी लागते.

आतां पालकांस दोन शब्द. आपल्याकडेही थंड हवेच्या व समुद्रकांठच्या ठिकाणीं या गाड्या भाड्यानें मिळूं लागल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांनीं मोठ्यांच्या मापाची गाडी हाकूं नये, असा जाणत्यांचा स्पष्ट सल्ला आहे. तेव्हां मुलाच्या हट्टास बळी पडूं नये. एकासाठीं बांधलेल्या गाडीवर दुसऱ्यास बसवूं नये. पैसे देण्यापूर्वीं शिरस्त्राण मिळतें काय, वाटाड्या पुढें असतो काय, रस्ता नेमलेला आहे काय, हें विचारावें. आणि उत्तर टाळलें गेल्यास सरळ परत फिरावें.

आणि विद्यार्थी मित्रांनो, परदेशच्या दरीस जो न्याय तोच आपल्या पठारांस. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणलें जातें. तेथें जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर आहे आणि त्यांतच पावसाळ्याअखेर फुलें उमलतात. फुलांच्या मोसमांत तेथें दररोज किती माणसें सोडावीं यावर मर्यादा घालावी लागली, ती पायांखालीं फुलें तुडविलीं जाऊं लागलीं म्हणूनच. जेथें पावलांनीं ही दशा होते, तेथें चाकांनीं काय होईल याचा विचार तुम्हींच करा.

ज्या विद्यार्थ्यापासून या लेखाचा आरंभ झाला, त्यानें दुसऱ्या दिवशीं नकाशा काढून मला दरीचें नांव आणून दिलें. ती तांबडी दरीच होती. आम्ही दोघे एकाच कांठावर उभे राहिलों होतों. पुन्हां कधीं जाण्याचा योग आला तर प्रथम इंजिन बंद करीन, असें तो म्हणाला. आणि तें त्याच्या हातून खरोखर घडेल, अशी माझी खात्री आहे.