शिष्यवृत्त्यांचा बाजार आणि गरीब विद्यार्थी

बंगळूरच्या वेशीवरील इलेक्ट्रॉनिक सिटी 1978 साली कर्नाटक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजेच जनतेच्या पैशाने, वसविली. आज ती खाजगी भांडवलाचे तीर्थक्षेत्र म्हणून मिरविली जाते. उच्च शिक्षणाचे नवे प्रयोगही येथेच झाले. सरकार व उद्योगपती यांच्या भागीदारीतून 1999 साली स्थापन झालेली अंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था पुढे येथे आली. 2010 साली स्थापन झालेले अझीम प्रेमजी विद्यापीठही आरंभीची काही वर्षे याच वसाहतीत होते.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात : 'श्रीमंतांकडून पूर्ण शुल्क घ्यावे, गरिबांना सवलत द्यावी, हाच खरा समाजवाद!' युक्तिवाद गोंडस आहे, म्हणूनच तो तपासला पाहिजे.

सवलत दोन प्रकारची असते. एक गरज पाहून, दुसरी गुण पाहून. अझीम प्रेमजी विद्यापीठ कौटुंबिक उत्पन्न पाहून सवलत देते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु तो निधी विप्रोच्या समभागांतून, पर्यायाने हजारो कर्मचाऱ्यांच्या श्रमातून, उभा राहिला आहे; तो कोणाला द्यावा हे मात्र दाता ठरवितो. इतर अनेक खाजगी विद्यापीठे प्रवेशपरीक्षेतील वरच्या क्रमांकांना शुल्कमाफी देतात. येथे शिष्यवृत्ती ही लिलावातील बोली असते. वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी म्हणजे जाहिरात. तिला भुलून पूर्ण शुल्क भरणारे शंभर येतात. आणि हा क्रमांक कोठून येतो? कोटा-लातूरच्या शिकवणी वर्गांत लाखो रुपये ओतू शकणाऱ्या घरांतून! ज्याला गरज कमी त्याच्याच मागे मदत धावते.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. हार्वर्ड, येल आदी विद्यापीठांनी परस्परांत ठरविले होते की मदत केवळ गरजेनुसार द्यावी, गुणवंतांसाठी चढाओढ करू नये. 1991 साली सरकारने त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. पुढे 2022 साली, गरज मोजण्याच्या सामायिक पद्धतीआड मदत कमी राखल्याचा आरोप अनेक नामवंत विद्यापीठांवर झाला; आरोप अमान्य करीतच दहाहून अधिक विद्यापीठांनी 28 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. स्पर्धा झाली तर मदत गुणांमागे जाते, संगनमत झाले तर ती आटते. बाजाराच्या या दोन्ही वाटांवर गरीब मागेच राहतो.

आमचे राज्यकर्ते सार्वजनिक संस्थांनाही त्याच वाटेने नेत आहेत. 2016 साली आयआयटीचे वार्षिक शुल्क 90 हजारांवरून 2 लाखांवर नेले गेले. अनुसूचित जाती-जमाती व अपंग विद्यार्थी वगळता, घरचे उत्पन्न 5 लाखांपुढे गेले की शुल्कमाफी संपते. 2017 साली कॅनरा बँकेच्या भागीदारीत वित्तसंस्था स्थापून सरकारने अनुदानाच्या जागी कर्ज आणले. 2024 ची विद्यालक्ष्मी योजना विद्यार्थ्यालाही कर्जच देते. दिलेली सवलतही टिकत नाही : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतल्यामुळे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई व तुळजापूर येथील विद्यार्थ्यांना फेब्रुवारी 2018 मध्ये संपावर जावे लागले.

मर्जीवरील मदत किती ठिसूळ असते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपताच 1917 साली डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्याच वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण कायद्याने मोफत व सक्तीचे केले. औदार्य आणि कायदा यांतील अंतर या एका वर्षात स्पष्ट दिसते.

म्हणून आमची मागणी असंदिग्ध आहे. सार्वजनिक संस्थांचे अनुदान पूर्ववत करा. सरकारी जमिनी व सवलती घेणाऱ्या प्रत्येक खाजगी विद्यापीठावर गरजेनुसार शुल्कमाफीचे कायदेशीर बंधन घाला आणि तिचा हिशेब दरवर्षी जाहीर करावयास लावा. विद्यार्थी, शिक्षक आणि कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर अग्रभागी घेतली पाहिजे. शिक्षण हा हक्क आहे, आणि हक्क कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही.