गुगलवरचा पहिला नंबर विकत मिळत नाही

"तुमचं मासळीचं दुकान गुगलवर पहिल्या नंबरावर आणतो, पैसे भरा," असे फोन सभासदांना येतात. माझं मत स्पष्ट आहे: एक रुपयाही देऊ नका. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. जाहिरात वेगळी, पण मॅपवरच्या यादीत पैसे देऊन वर जाता येत नाही.

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला घेऊन बसा. दुकानाचं नाव बोर्डावर आहे तेच घाला. त्याला 'ताजी स्वस्त मासळी' जोडणं नियमात बसत नाही. फोन, जागा, वेळ बरोबर भरा. मासळीची सगळी नावं लिहा. आपली इसवण मुंबईचा माणूस सुरमई म्हणून शोधतो, हॉटेलवाला किंगफिश म्हणून. आपली सुंगटां त्याची कोळंबी. फोटो आपल्याच मासळीचे टाका. गिऱ्हाइकाकडे अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट नको.

1 जून ते 31 जुलै बंदीत दुकान बंद ठेवणार असाल तर तिथंही तसं दाखवा. बंद दारावरून परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. डिझेल-बर्फालाच पैसा पुरत नाही, तो असल्या फोनवाल्यांना कशाला? अडलं तर मोबाईल घेऊन सोसायटीत या, बसून करूया.

– सचिव