'फोटो गेलाय, आता काय करू?'

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलामुलींसमोर मी मोबाईल सुरक्षेवर बोलले. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेऊ नका, पासवर्ड सांगू नका, फोटो पाठवू नका. पाऊण तासात कितीदा 'नका' म्हणाले, ते मोजलं नाही. शेवटी एक डबा फिरवला. नाव न लिहिता प्रश्न टाका, असं सांगितलं. घरी येऊन चिठ्ठ्या उघडल्या. एकीवर लिहिलं होतं, "आपा, फोटो गेलाय. आता काय करू?"

माझ्या सगळ्या बोलण्यात याचं उत्तर कुठेच नव्हतं. उलट, मी तिला एवढंच सांगून आले होते की चूक तिची आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण उघडकीला आलं आणि शाळांच्या सुरक्षेची चर्चा जोरात सुरू झाली. खरं तर शाळांमध्ये सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश शासनाने २०२२ मध्येच काढला होता. समिती कामाची आहे की नुसती कागदावर, हे बघायचं असेल तर शाळेतल्या कुठल्याही मुलीला विचारा: काही झालं तर तू कुणाकडे जाशील? तिला एक नाव चटकन सांगता आलं पाहिजे.

ते नाव का सुचत नाही, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या मोहल्ल्यात गोष्ट घरी कळली की पहिला फोन जातो, मग शाळा बंद होते, मग स्थळं बघायला सुरुवात होते. धमकी देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. "तुझ्या अब्बांना पाठवतो" एवढं त्याला पुरतं. म्हणून पोरगी गप्प राहते, चोरून पैसे देते, आणखी फोटो पाठवते. मुलगेही यात अडकतात. व्हिडिओ कॉलवर फसलेला मुलगा तर 'मर्द' असण्याच्या ओझ्याखाली आणखीनच गप्प बसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की शाळेतला सुरक्षेचा तास 'करू नका'वर संपू नये. निम्मा वेळ 'झाल्यावर काय' यासाठी ठेवावा. त्यात काय असावं? पैसे द्यायचे नाहीत. चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, मग त्या माणसाला ब्लॉक करायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, रात्रीही चालतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर अशा प्रकरणात नाव न देताही तक्रार करता येते. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. वय अठरा वर्षांच्या आत असतानाचा फोटो असेल, तर त्याची फक्त अंकी खूण ती घेते. फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या त्या खुणेवरून तो शोधून काढून टाकू शकतात.

कायदाही नीट सांगावा. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलींना जसा आहे, तसाच मुलग्यांनाही आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घेता येतो, घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याची ओळख छापता येत नाही. हे ऐकल्यावर पोलीस म्हणजे बदनामीच, ही धास्ती थोडी तरी कमी होते.

एक अवघड गोष्टही आधीच सांगायला हवी. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं या कायद्याने बंधनकारक आहे, शिक्षकांनाही आणि आपल्यालाही. तेव्हा "कुणालाच सांगणार नाही" असं वचन मुलांना देऊ नये. "पुढे जे होईल त्यात मी तुझ्यासोबत असेन" एवढं नक्की देता येतं.

काही जण म्हणतील, असं शिकवलं तर मुलं आणखी बिघडतील. पोहायला शिकवताना बुडणाऱ्याला कसं बाहेर काढायचं हेही शिकवतात, म्हणून कुणी मुद्दाम बुडायला जात नाही.

पालकांची बैठकही हवी, आणि ती अम्मी-अब्बा घरी जी भाषा बोलतात त्या भाषेत हवी. त्यांना एकच विनंती करायची: मूल सांगायला आलं, तर त्या दिवशी ओरडू नका आणि शाळा बंद करू नका.

हे वाचणारे तुम्ही कुणाचे तरी भाईजान आहात, कुणाची तरी आपा किंवा खाला आहात. शाळा तास घेईल तेव्हा घेईल. तुम्ही आज रात्री जेवताना धाकट्यांना सांगू शकता, "काहीही झालं तरी आधी माझ्याकडे ये. तुझी शाळा सुटू देणार नाही."

ती चिठ्ठी कुणाची होती, मला कधीच कळलं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्याच वर्गावर परत गेले. या वेळी सुरुवातच त्या प्रश्नाने केली आणि १०९८ हा आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवला. तास संपल्यावर तो पुसायचा नाही, असं बाईंना सांगून आले.