सोडतीत हुकलेल्यांचेही शेत मोजा

संपादक महोदय,



पेरणीच्या आधी आमच्या घरी एक काम ठरलेले असते. घरच्या सोयाबीनमधून हाताला येतील तसे शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा हबका मारायचा. आठव्या दिवशी आई गुंडाळी उलगडते आणि कोंब आलेले दाणे मोजते. यंदा ६१ निघाले. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते, म्हणून आम्ही साडेचौतीस किलो धरले. २०२० च्या खरिपात मात्र हे केले नव्हते. विकतच्या पिशवीवरच्या शिक्क्यावर भरवसा ठेवला आणि तासच्या तास मोकळे राहिले. दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षी सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या. तेव्हापासून पिशवी कुठलीही असो, शंभर दाणे गोणपाटावर जातातच.

आई बियाण्याला लावते ती परीक्षा सरकारने आपल्या योजनांना लावावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वाशीम जिल्हा २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचे उस्मानाबाद आणि आपण. देशभरात अशा ११२ जिल्ह्यांची प्रगती ४९ निकषांवर मोजली जाते आणि क्रमवारी लागते. मोजणी सुरू झाली हे चांगलेच झाले. पण आकडा वर गेला तर तो योजनेमुळे गेला की त्या वर्षी पाऊस बरा होता म्हणून, हे क्रमवारीवरून कळत नाही. आणि पुढच्या वर्षीचा पैसा कुठे लावायचा, हे तर नेमके त्याच उत्तरावर ठरायला हवे.

माझाच अनुभव सांगतो. रुंद सरी वरंबा, म्हणजे आपण ज्याला बीबीएफ म्हणतो, ती पद्धत मी अर्ध्या वावरात केली आणि अर्धे सपाट ठेवले. हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून, दोन्हींचा माल वेगळा काढला, कट्टे वेगळे मोजले. पहिल्या वर्षी पाऊस धो धो झाला, सपाटातले पीक पाणी साचून पिवळे पडले आणि वरंब्यावरची झडती स्पष्ट जास्त आली. पुढच्या वर्षी दोन्हीकडचे कट्टे जवळजवळ सारखे भरले. शेजारी म्हणाला, तुझे रान चढाचे आहे, माझे खोलगट, मला काय करायचे ते सांग. मला सांगता आले नाही. एका शेतावरून हे ठरत नाही. त्याला शेकडो शेते लागतात, हलकी आणि भारी जमीन दोन्ही लागते, तीन-चार पावसाळे लागतात. हे काम शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही, सरकारच्या आहे.

असे काम आपल्याच विदर्भात झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावे तुलनेसाठी मोजली. दोन्हीकडच्या जन्म-मृत्यूंची नोंद काटेकोर ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले आणि २०११ पासून तीच पद्धत आशाताईंच्या हाती देशभर गेली. त्या ४७ गावांची नोंद नसती तर मृत्यू काळजीमुळे घटले की आपोआप, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकले असते का? गरिबी हटवण्याच्या उपायांची अशीच परीक्षा घेणाऱ्या अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

यावर अधिकारी म्हणतील, काही गावांना योजना द्यायची आणि काहींना तुलनेसाठी कोरडे ठेवायचे, हा अन्याय आहे. आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आपल्याकडे तयार आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर काही वर्षे ठिबक, तुषार, अवजारे यांसाठी शेतकऱ्यांची निवड संगणकीय सोडतीने झाली. २०२५ मध्ये सोडत बंद होऊन आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ, असे ठरले. पण सोडतीच्या वर्षांच्या याद्या आहेतच. अर्ज दोघांनीही केला होता, गरज दोघांचीही होती. एकाचा नंबर लागला, दुसऱ्याचा हुकला, तो केवळ नशिबाने. कोणावरही नवा अन्याय न करता तुलना करता येते ती इथेच. नावे झाकून या याद्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला द्या. वाशीमच्या सहा तालुक्यांतले दोन्ही गटांतले शेतकरी घ्या. तुषार मिळाल्यावर रब्बीचा हरभरा वाढला का, कर्ज कमी झाले का, की संच नुसताच कोठ्यात पडून आहे, हे जाऊन पाहा. पीक कापणी प्रयोगासाठी चौकट आखून, मळून, वजन करणारी माणसे महसूल आणि कृषी खात्यात आहेतच.

पोकरा या सरकारी कृषी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात आपला जिल्हा आहे. गावे टप्प्याटप्प्यानेच घेतली जाणार असतील, तर कोणते गाव आधी हे चिठ्ठी टाकून ठरवावे आणि नंतरच्या गावांची मोजणीही पहिल्याच दिवसापासून करावी. निकाल वाईट आला तरी तो ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. फसलेला प्रयोग कळला तर आमचा पैसा वाचेल.

नव्याला माझा विरोध नाही. जिल्ह्यात चियाचा पेरा वाढतो आहे. रोही आणि रानडुक्कर त्याला तोंड लावत नाहीत म्हणून रात्रीची जागल वाचते, असे पेरणारे सांगतात. पण पहिल्या वर्षीचा भाव ऐकून दहा गावे एकदम वळली तर भाव टिकेल का, हे आधी तपासायला हवे.

सोयाबीनची सोंगणी झाली, सुडी लागली आणि हडंबा येऊन गेला की कोणत्या वावराचे किती झाले हे पुन्हा मोजता येत नाही. या हंगामात कोणी मोजायला येणार असेल तर माझी दोन्ही तुकड्यांची वही आणि वावर खुले आहे.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक
ता. रिसोड, जि. वाशीम