शब्दही पारखून घ्यावेत

हल्ली आमच्या बाजारात इंग्रजी विशेषणांची आवक वाढली आहे. लग्नाच्या बोलणीत 'नोबल फॅमिली', मुलाच्या अर्जात 'मेरिट'. शब्द घ्यायला हरकत नाही; पण कापडासारखे बोटांत चोळून घ्यावेत.

'नोबल'चे मूळ लॅटिन, अर्थ नामांकित. 'जंटलमन'मधला 'जंटल' कुळावरून आला. आपल्या 'शरीफ'सारखेच, घराणे आणि सद्गुण एकाच गाठोड्यात. 'मेरिट' मात्र कमाईचा शब्द, म्हणून आम्हां व्यापाऱ्यांना तो भावतो.

परंतु १९५८ साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी 'मेरिटोक्रसी' हा शब्द पुस्तकाच्या नावात घातला, तो टोमणा म्हणून. परीक्षेतून निवडलेले लोक उरलेल्यांना नालायक समजू लागतील, हा त्यांचा इशारा होता. जगाने टोमणाच तारीफ समजून उचलला. २००१ साली त्यांनी तशी जाहीर तक्रारही केली.

मालेगाव-भिवंडीत मागावरचा तुटलेला धागा क्षणात सांधणाऱ्या कारागिराकडे प्रमाणपत्र नसते. त्याचा हुनर आम्ही रोज विकतो आणि त्यालाच 'अनपढ' म्हणतो. बंधूंनो, माल घेताना आपण नुसत्या लेबलावर जात नाही. मग माणूस पारखतानाच का जावे?